तबकडीची पाठचिकित्सा

पंधराएक वर्षांपूर्वी एका संगीत संमेलनाच्या स्मरणिकेत मी एक लेख लिहिला होता. एका गोमंतकीय गायिकेच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेविषयी त्यात असे विधान केले होते की, बाईंचा आवाज वर जाताना ताणल्यासारखा होतो आणि तानेत घाई जाणवते. गायिकेचे नाव येथे देत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. विधान करताना मला शंका अशी आली नाही. तबकडी मी स्वतः ऐकली होती, एकदा नव्हे, दहादा ऐकली होती. लेख छापून आला, दोन-चार जाणकारांनी मानही डोलावली. पुढे काही महिन्यांनी डिचोलीहून एक पोस्टकार्ड आले. मजकूर एका वाक्याचा होता : आपण ऐकलेली तबकडी मिनिटाला किती फेऱ्यांनी फिरत होती?

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. जुनी तबकडी म्हणजे अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची, एवढेच मला ठाऊक होते. उत्तर शोधण्यासाठी मी डिचोलीला गेलो. कार्ड लिहिणारे गृहस्थ व्यापारी. सारे त्यांना भाई म्हणत. त्यांच्या माडीवर तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या लावून ठेवल्या होत्या. शेजारी पेडण्याचे एक निवृत्त मास्तर बसले होते. भाईंपाशी तबकड्या होत्या, पण धड चालणारे यंत्र नव्हते. मास्तरांपाशी चावीची तीन यंत्रे होती, त्यांच्या कमानी ते स्वतः दुरुस्त करीत. पण तबकड्या मोजक्याच. महिन्यातून एका रविवारी दोघे एकत्र बसत. त्या रविवारी मीही बसलो. भाईंनी माझीच तबकडी काढली आणि वेग कमी-जास्त करता येणाऱ्या विजेच्या यंत्रावर ठेवली. मास्तरांनी पेटी पुढे ओढली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर गाण्याचा षड्ज पेटीच्या कुठल्याच पट्टीवर नीट बसेना. पांढरी सहाच्या जवळ, पण तिच्या किंचित खाली तो लटकत राहिला. मग वेग हळूहळू उतरवीत त्यांनी चौऱ्याहत्तरपर्यंत आणला. षड्ज काळी चारवर येऊन बसला आणि तबकडीतल्या साथीची पेटी व मास्तरांची पेटी एकजीव झाली. त्याच बाईंची नंतरच्या काळातली दुसरी तबकडी लावली. तिथेही काळी चारच. बाईंचा आवाज ताणलेला नव्हता, तानेत घाई नव्हती. चार फेऱ्यांच्या फरकाने मी तो जवळजवळ अर्ध्या स्वराने वर चढवला होता, तीन मिनिटांचे गाणे नऊ-दहा सेकंदांनी आखूड केले होते, आणि मग त्या आखूडपणाचा दोष गाणारीच्या माथी मारला होता.

ही कथा सांगण्याचे कारण केवळ कबुलीजबाब हे नाही. आपल्या संगीतसमीक्षेने एका मूलभूत प्रश्नाकडे पाठ फिरवली आहे, आणि तो प्रश्न संग्राहकांनी जिवंत ठेवला आहे, असे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे. ग्रंथाच्या बाबतीत तो प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले म्हणून नाथांनी शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध केली. आजही एखाद्या ओवीचा अर्थ कोणी लावू लागला की जाणता वाचक आधी विचारतो, पाठ कोणता? तबकडी ऐकून गायकीविषयी निर्णय देणाऱ्याला मात्र आपण असे विचारीत नाही. तबकडी यंत्रातून आली म्हणजे ती सत्यच सांगणार, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः तबकडी हीदेखील एक प्रत आहे. तिला लेखनिक आहेत, तिला अपपाठ आहेत, तिच्यात गाळलेल्या ओळी आहेत.

ही प्रत कशी तयार होत असे, हे थोडे पाहिले पाहिजे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला, तो नळकांड्यावर आवाज कोरणारा. सपाट तबकडी आणि ग्रामोफोन ही बर्लिनरची, १८८७ ची कल्पना. भारतात कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आले आणि गौहरजान यांच्यासारख्या गायिकांचा आवाज मेणात उमटला. त्या मेणावरून तबकड्या काढण्याचे काम जर्मनीत हॅनोव्हर येथे होत असे. गाणे संपताच गाणारीने स्वतःचे नाव सांगावे, ही सुरुवातीच्या मुद्रिकांतली प्रथा त्यातूनच आली, असे सांगतात : दूर बसलेल्या अनोळखी कारागिराला आवाज ओळखता यावा म्हणून. कलकत्त्यात सियालदह येथे तबकड्या निघू लागल्या त्या १९०८ पासून. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणाला वीज नव्हती. गाणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गायचे, साथीदारांनी मागे सरकून बसायचे. हलका स्वर, श्वासाची लकेर, तंबोऱ्याची आस हे सारे त्या कर्ण्याच्या बाहेरच राहून जाई. फेऱ्यांचा वेगही तेव्हा ठरलेला नव्हता. कुठे सत्तरच्या जवळ, कुठे ऐंशीच्याही पुढे. अठ्ठ्याहत्तर हा आकडा नंतर रूढ झाला आणि मागच्या साऱ्या मुद्रिकांना सरसकट चिकटला.

म्हणून तबकडी हाती आली की भाई प्रथम तिचे गाणे ऐकत नसत, तिचे अंग वाचीत. मधली छापील चिठ्ठी आणि शेवटची खाच यांच्यामध्ये जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर बारीक आकडे कोरलेले असतात. ध्वनिमुद्रणाच्या वेळचा क्रमांक तो. चिठ्ठीवरचा विक्रीचा क्रमांक पुढे बदलू शकतो, नावात छपाईची चूक होऊ शकते. पण मेणात कोरलेला आकडा सहसा खोटे बोलत नाही. एकाच बैठकीत मुद्रित झालेल्या बाजूंचे क्रमांक लागून येतात. एका बाजूचा वेग ठरला की शेजारच्या बाजूंचा अंदाज बांधता येतो. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची १९९४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, ती अशाच आकड्यांच्या आधारे. आपल्याकडे सूची म्हटले की कारकुनी काम समजले जाते. पण सूचीवाचून कालक्रम नाही, आणि कालक्रमावाचून कोणत्याही कलावंताच्या विकासाविषयी बोलणे हे अंधारात दगड मारणे होय.

संग्रहाचा आनंद हा वाटून घेण्याचाच आनंद का असतो, हेही येथे उमगते. संग्राहक हा कंजूष, आपला ठेवा दडवून ठेवणारा, अशी एक समजूत आहे. पोस्टाच्या तिकिटांच्या बाबतीत ती खरी असेल. तबकडीच्या बाबतीत एकट्याचा संग्रह मुका असतो. एकापाशी प्रत असते ती झिजलेली; दुसऱ्यापाशी तीच मुद्रिका चांगली, पण तडकलेली. पोलादी सुई दर बाजूला बदलावी लागते, आणि ती न बदलण्याची काटकसर ज्या घरात झाली तिथल्या खाचांत गाण्याऐवजी खरखरच उरते. तीन प्रती शेजारी ठेवल्याशिवाय पाठ ठरत नाही, आणि तीन प्रती एका घरात क्वचितच असतात. म्हणून माणसे जमतात. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था आणि तिचे ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक यांनी सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने हेच केले. जमायचे, ऐकायचे, आकडे ताडून पाहायचे. डिचोलीच्या माडीवरचा रविवार हे त्याचेच धाकटे रूप होते. वाद होत, आवाज चढत. चहा थंड होई. पण ‘मला आवडले’ एवढ्यावर तिथे कोणाची सुटका नसे. काय ऐकलेस, कोणत्या प्रतीत ऐकलेस, हे सांगावे लागे. समीक्षेची याहून चांगली शाळा मी पाहिलेली नाही.

गोमंतकीय वाचकाला या तबकड्यांच्या चिठ्ठ्यांत आणखी एक गोष्ट वाचता येते. केरकर, कुर्डीकर, मालपेकर, नार्वेकर, बांदोडकर : आपल्या गायिकांची ही नावे एकापाठोपाठ म्हणत गेले की गोव्याचा नकाशा उलगडतो. ही निव्वळ आडनावे नव्हेत. देवळांच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतील या स्त्रिया. समाजाने त्यांना बापाचे नाव लावू दिले नाही. त्यांनी गावाचे लावले. राजाराम पैंगीणकरांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ असे नाव दिले. त्या प्रश्नातली वेदना ज्यांना कळते, त्यांना तबकडीवरचे गावाचे नाव म्हणजे त्याच प्रश्नाला दिलेले एक ताठ मानेचे उत्तर वाटेल. मालपे पेडणे तालुक्यातले. तिथले नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) भेंडीबाजार घराण्याच्या नझीरखाँ यांच्या शिष्या. संगीत नाटक अकादमीचे सर्वोच्च सदस्यत्व १९५८ साली लाभलेल्या त्या पहिल्या स्त्री. नार्वे डिचोली तालुक्यातले, सप्तकोटेश्वराचे. आग्रा घराण्याच्या विलायत हुसेनखाँ यांच्या शिष्यपरिवारात श्रीमतीबाई नार्वेकर हे नाव येते.

मात्र गावाचे नाव हाही एक पाठच आहे आणि तोही तपासून घ्यावा लागतो. केरी नावाची गावे गोव्यात एक नव्हे, तीन : एक पेडण्यात, एक सत्तरीत, एक फोंड्यात. पेडण्याची केरी महादजी शिंद्यांच्या जिवबादादांची. केसरबाईंची केरी फोंड्यातली. पेडण्यातले अनेक अभिमानी रसिक केसरबाईंना आपल्या केरीच्या समजतात. मास्तरांनी त्यांची ही समजूत दूर करण्यात आयुष्यातील बराच वेळ घालवला होता आणि त्याबद्दल आप्तेष्टांचा रोषही पत्करला होता. कुर्डीचे तर आणखी वेगळे. मोगूबाईंचे हे सांगे तालुक्यातले गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की काही दिवस जुनी जोती दिसतात, मग पावसाळा ती पुन्हा झाकून टाकतो. वर्षाचे अकरा महिने ते गाव पाण्याबाहेर असते ते एका गायिकेच्या नावातच.

या दोघींच्या तबकड्यांपाशी पाठचिकित्सेची खरी कसोटी लागते. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांनी आपला आवाज मुद्रित होऊ दिला नाही. म्हणजे जयपूर-अत्रौली गायकीची मूळ प्रत हरवलेली आहे. उरल्या आहेत त्या शाखा. केसरबाई आणि मोगूबाई या दोघी खाँसाहेबांकडे प्रत्यक्ष शिकलेल्या, दोघी गोमंतकीय, दोघींच्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या उपलब्ध. मूळ ग्रंथ हरवला असता दोन शाखांच्या प्रती शेजारी ठेवून आपण काय करतो? जिथे दोन्ही जुळतात तिथे मूळ पाठ असावा असे धरतो. जिथे वेगळ्या होतात तिथे लेखनिकाचा हात ओळखतो. तसे ऐकू लागले म्हणजे दोघींतही मोकळा आकार आहे, स्वरवाक्य लयीला बांधून, मात्रेला डोळ्यांआड न करता पुढे नेण्याची रीत आहे, आणि वळणावळणाने जाणारी, दम न तोडणारी तान आहे. हे गुरूचे. केसरबाईंचा भरदार, घुमटासारखा स्वर आणि मोगूबाईंची लयीशी चाललेली बारीक, जागरूक कुजबुज ही ज्याची-त्याची कमाई.

वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) मध्ये घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली आणि जयपूरला समतोलाचे स्थान दिले. तो निष्कर्ष मैफली ऐकलेल्या, तालीम घेतलेल्या कानाचा होता. त्या मैफली ऐकलेली पिढी आता जवळजवळ सरली आहे. आपण देशपांड्यांचे म्हणणे पुढे सांगतो ते त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून. तो विश्वास योग्यच आहे. पण समीक्षा विश्वासावर फार काळ चालत नाही. तिला पडताळा लागतो, आणि पडताळ्याचे साधन तबकडीखेरीज फारसे उरलेले नाही.

येथे सावध राहण्याचीही गरज आहे. ही पद्धत मी पहिल्यांदा मोठ्या उत्साहाने मांडली तेव्हा भाईंनी एक आक्षेप घेतला, तो मला आजही टाळता येत नाही. दोन्ही तबकड्यांत जे समान दिसते ते गुरूचे कशावरून? ते तबकडीचेही असू शकेल. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे. विलंबित ख्यालाचा संथ विस्तार तिथे मावतच नाही, म्हणून मध्यलय. तान लवकर यावी, शेवट ठसठशीत व्हावा ही कंपनीचीही अपेक्षा आणि ग्राहकाचीही. निरनिराळ्या घराण्यांचे गायक या साच्यात आले की एकमेकांसारखे वाटू लागतात. तेव्हा केसरबाई-मोगूबाईंचे साम्य पक्के करण्याआधी त्याच काळातल्या, तेवढ्याच लांबीच्या, पण किराना किंवा आग्रा घराण्याच्या तबकड्या लावून पाहिल्या पाहिजेत. साच्याचे जे असेल ते तिथेही सापडेल. ते वजा करावे. अब्दुल करीमखाँ यांच्या १९३०च्या दशकातील ओडियन तबकड्या यासाठी फार उपयोगी पडतात. तोच साचा, तेवढाच वेळ, पण स्वरावर रेंगाळण्याची वृत्ती इतकी वेगळी की वेळ थांबल्यासारखा वाटतो. म्हणजे तीन मिनिटांत गायकी मावत नाही हे अर्धसत्य आहे. विस्तार मावत नाही, वृत्ती मावते. लांबी नाकारून वृत्ती ऐकता येणे हे या समीक्षेचे कौशल्य.

आता या साधनांची स्थिती काय आहे? पेडण्यात आणि डिचोलीत जुनी घरे वेगाने उतरत आहेत. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, जमिनींचे भाव चढले. घर विकले की माडीवरचे सामान भंगारात जाते. कर्णेवाल्या ग्रामोफोनला मात्र गिऱ्हाईक असते. किनाऱ्यावरच्या दुकानांत चकचकीत पितळी कर्ण्याची यंत्रे मांडलेली दिसतात. त्यांतली कित्येक नवी जोडलेली, शोभेची; त्यांवर तबकडी लावली तर खाचा खरवडून निघतील. जुने यंत्र दिवाणखान्यात येते आणि त्याच्यासोबतच्या तबकड्या उकिरड्यावर जातात, हा आपल्या अभिरुचीवरचा अभिप्राय आहे. पेटी जपायची आणि पोथी फेकायची, असे आपण देवघरात करू का?

तबकड्या आता संगणकावर आल्या, तेव्हा काळजी कसली, असा प्रश्न विचारला जातो. त्या आल्या हे उत्तमच झाले. पण तिथे अपलोड केलेल्या कित्येक मुद्रिकांना कोरीव क्रमांक नाही, प्रत कोणाची ते नाही, वेग कोणता धरला ते नाही. माझ्यासारख्या कोणीतरी चुकीच्या फेऱ्यांवर वाजवलेले गाणे आता हजारो कानांत त्याच चढ्या पट्टीत पोहोचते, आणि उलट विचारणा करणारे पोस्टकार्ड येण्याची सोय नाही. अपपाठ पूर्वी एका पोथीपुरता असे. आता तोच प्रमाण पाठ होऊन बसतो.

या संदर्भात केसरबाईंच्या एका मुद्रिकेची हकीकत आठवते. अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने पाठवली. त्यांवरील सोनेरी तबकडीत जगभरचे निवडक संगीत आहे आणि भारताचा एकच आवाज आहे : केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञाने तिची शिफारस केली. पण मुद्रिका बाजारातून नाहीशी झालेली. शोधाशोध करता करता न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. संग्राहकाला या प्रसंगातली धडधड वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्या तबकडीचे आवरण. ती मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांनी फिरवायची आहे. परग्रहावरच्या श्रोत्याला मिनिट म्हणजे काय हे ठाऊक नसणार, म्हणून हायड्रोजनच्या अणूतील स्थित्यंतराचा काळ हे एकक धरून तो वेग आवरणावर आकृतीने कोरला आहे. सोबत सुईही दिली आहे. ज्यांनी ती तबकडी धाडली त्यांना हे पक्के ठाऊक होते की, वेग सांगितल्यावाचून गाणे पोहोचत नाही. अनोळखी ताऱ्यांवरच्या श्रोत्यासाठी घेतलेली ही काळजी आपण आपल्याच मुलांसाठी घेतलेली नाही.

मास्तर आता नाहीत. भाई थकले आहेत; त्यांच्या तबकड्यांची नोंदवही करण्याचे काम आम्ही तिघे-चौघे मिळून करतो आहोत, ते अर्ध्यावर आले आहे. या पत्रिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या मूळ घरी, पेडणे-डिचोलीच्या परिसरात, माडीवर किंवा देवघराच्या फळीवर एखादी तरी तबकडी असेल. त्यांना विनंती एवढीच की, ती टाकू नये आणि एकट्याने पुसूही नये. लाख मद्यार्कात विरघळते. स्पिरिटने पुसलेली तबकडी गेलीच म्हणून समजावे, आणि हौसेने फेणीने पुसलेलीही. आडवी रचू नये, उन्हात ठेवू नये. चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा, चुकीसकट, उतरून घ्यावा. तिच्या कडेचा कोरीव आकडा भिंगाने वाचून लिहावा. तबकडी वाजवून पाहण्याची घाई मात्र करू नये.

माझ्या त्या स्मरणिकेतल्या लेखाची दुरुस्ती अजून कुठे छापलेली नाही. स्मरणिकेला पुढचा अंक नसतो. तेव्हा ती येथेच नोंदवतो : बाईंचा स्वर काळी चारचा होता, स्थिर होता, आणि तानेला पुरेसा अवकाश होता. घाई माझी होती.